सहा आठवडे कोणाच्या बापाचे?

‘ऑपरेशन सक्सेस झालं’ हे वाक्य मला एकदा गोदीच्या काट्यावर चढवून तोलायचं आहे. कोण म्हणतं हे वाक्य? डॉक्टर म्हणतो, पेपर म्हणतो, मंत्री शिबिराच्या मांडवात म्हणतो. ज्याचं पोट फाडलं तो हे वाक्य म्हणताना मी अजून ऐकला नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘टाके ओढतात. कामावर कधी घेतील?’

टाका घातला, कातडं शिवलं, खाटेवरून उठवला, कार्ड हातात दिलं. इथे दवाखान्याचा हिशेब बंद होतो. आणि नेमका इथेच आपला हिशेब सुरू होतो. त्या कार्डावर खाली डॉक्टरच्या किरट्या अक्षरात काय लिहिलेलं असतं? विश्रांती घ्या. सहा आठवडे वजन उचलू नका. जखम कोरडी ठेवा. दूध, अंडी, कडधान्य खा. आठ दिवसांनी ड्रेसिंगला या.

हे औषधाचं कार्ड नाही रे बाबांनो, ही मालमत्तेची यादी आहे. विश्रांती म्हणजे बसून खाण्याइतकी शिल्लक. कोरडी जखम म्हणजे पाण्याचा नळ, पक्कं छप्पर आणि पावसात न गळणारी भिंत. अंडी म्हणजे रोजचे पैसे. ड्रेसिंगला या म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवा आणि वर गाडीभाडं भरा. ज्याच्याकडे हे सगळं आधीच आहे तोच बरा होणार, असं त्या कार्डावर लिहिलेलं आहे. फक्त ते सरळ मराठीत लिहिलेलं नाही.

आमच्या टोळीतलाच एक गडी घ्या. वजन उचलून उचलून जांघेत आंत उतरलं. हर्निया. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टर भला माणूस होता. दीड महिना ओझं नको म्हणाला. कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलं, ‘आठ दिवस थांबतो, नववा दिवस दुसऱ्याचा.’ अकराव्या दिवशी गडी पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेऊन फळीवर उभा. जखमेत पू झाला, वर्षाच्या आत आंत पुन्हा खाली. आता सांगा, हे ऑपरेशन दवाखान्याच्या वहीत कुठे मांडलं असेल? सक्सेसच्या रकान्यात! कारण तो गेटातून चालत बाहेर गेला होता.

कोणी म्हणेल, हा एका गोदीचा रडगाणा आहे. ठीक आहे, सगळ्या दुनियेचा काटा लावू.

२०१८ साली ‘लॅन्सेट’च्या पानांवर आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या ऑपरेशनांचा हिशेब छापून आला. तिथले पेशंट जगाच्या सरासरीपेक्षा तरणे होते. त्यांना ऑपरेशननंतर त्रासही कमी जणांना झाला. तरी मरणाऱ्यांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट. आणि जवळजवळ सगळी मरणं ऑपरेशनच्या दिवसानंतरची! म्हणजे टेबलावर माणूस वाचतो आणि वॉर्डात मरतो. सुरीने जे वाचवलं ते नंतर कुणी पाहिलं नाही म्हणून गेलं. रात्रीची नर्स नाही, रक्त नाही, ताप कुणी मोजला नाही, नाडी कुणी धरली नाही.

त्याच वर्षी दुसरा हिशेब आला. ६६ देश, १२,५३९ पेशंट, सगळे पोटाच्या-आतड्याच्या ऑपरेशनचे. श्रीमंत, सुधारलेल्या देशांत शंभरातल्या ९.४ जणांची जखम पिकली. मधल्या देशांत १४. तळाच्या देशांत २३.२. आतडं तेच. सुरी तीच. शिवायची पद्धतही पुस्तकात तीच. पण पू मात्र खिसा बघून होतो.

आणि हे दैव नव्हे. दैव म्हणून हात झटकणाऱ्यांसाठी २००९ चा पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनच्या खोलीसाठी एक कागद काढला. माणूस तोच आहे ना? बाजू तीच आहे ना? जंतूंवरचं औषध वेळेत दिलं का? बोळे, सुया मोजल्या का? असले साधे प्रश्न, मोठ्याने विचारायचे. आठ शहरांतल्या आठ दवाखान्यांत तो वापरून पाहिला, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्रास ११ टक्क्यांवरून ७ वर. एका कागदाने! गोदीत क्रेन वर जायच्या आधी मुकादम जशी आरोळी ठोकतो, ‘हूक बघितला काय, खाली कोण हाय काय’, तसला हा कागद. म्हणजे माणसं वाचवायला दर वेळी परदेशी मशीन लागतं असं नाही. समोरचा माणूस आहे असं मानावं लागतं.

आता बीडला चला.

ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणूस मोजत नाहीत, हत्यार मोजतात. मुकादमाकडून आधी ‘उचल’ घेतलेली. एक दिवस पडला की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. पाळीत पोट दुखो, बाळंतपण होवो, ताप येवो, खाडा तो खाडा. उसाच्या फडाशेजारी कोपी, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. पाळीचा कपडा धुवायला आडोसा नाही. त्यातून अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात कळ येते, कंबर धरते. बाई गावाकडच्या खाजगी डॉक्टरकडे जाते. सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे पाठ करून असतो. डॉक्टर म्हणतो, ‘पिशवी खराब झालीय. काढली नाही तर कॅन्सर.’

कॅन्सर या शब्दाने बाईची वाचा बसते. कर्ज काढतात, पुढच्या हंगामाची उचल घेतात आणि पिशवी काढतात.

२०१९ मध्ये हे पेपरात आलं तेव्हा राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ ला, देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीन-साडेतीनच्या आत होतं. आता मला सांगा, बीडच्या मातीत असा कोणता रोग उगवतो जो फक्त कोयता धरणाऱ्या बाईच्या पिशवीला लागतो आणि मुकादमाच्या बायकोला, कारखान्याच्या चेअरमनच्या सुनेला लागत नाही? या बाया कोण आहेत? वंजारी, बंजारा, महार, मांग, भटके. ज्यांना जमीन नाही, किंवा आहे पण कोरडी, त्यांच्या बाया.

अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. त्याला पिशवी काढणं म्हणजे ढेकूण झाला म्हणून खोली जाळणं. पण खोली जाळायचे पैसे मिळतात, ढेकणाच्या औषधाचे मिळत नाहीत.

आणि नंतर? पोट फाडून पिशवी काढली तर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, हे नर्सिंगच्या पोरीलाही ठाऊक असतं. ऊसतोड बाई हंगाम सुरू झाला की डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. आतले टाके भरलेत की नाहीत हे ट्रकला माहीत नसतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्याचं म्हातारपण अंगावर येतं. हाडं पोकळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. जिचं भांडवल म्हणजे हाडं, तिची हाडंच काढून घेतली. तिला हे आधी कुणी सांगितलं? तिने अंगठा उठवला त्या कागदावर हे लिहिलं होतं काय? आणि लिहिलं असलं तर ते तिला कुणी वाचून दाखवलं?

पुढे बीडमध्ये खाजगी दवाखान्यांवर सिव्हिल सर्जनची परवानगी घेण्याचं बंधन आलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना नको त्या गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्ध नियम लागू करायला सांगितलं. चांगलं झालं. पण बघा, कायदा पोचला तो सुरीपर्यंत. उचल, खाडा, मुकादम, फडातला संडास इथपर्यंत तो अजून चालत आलेला नाही. आणि तिथेच तर पिशवी पहिल्यांदा कापली जाते. डॉक्टर फक्त शेवटचा हात मारतो.

हे फक्त आपल्या राज्यातलं आहे असंही नाही. २०१२ मध्ये बिहारच्या समस्तीपुरात गरिबांच्या विम्याच्या कार्डावर अशाच पिशव्या काढल्याचं उघड झालं. गरिबाला विमा दिला, आणि विम्याने त्याच्या बाईच्या पोटावर किंमत चिकटवली. कार्ड आलं तशी सुरी आली.

आता दुसरं ऑपरेशन. नसबंदी.

१९७५ ते ७७ च्या आणीबाणीत पुरुषांना पकडून पकडून कापलं. शाह आयोगापुढे त्याचा हिशेब आला. एकट्या १९७६-७७ सालात ऐंशी लाखांवर ऑपरेशनं झाली. कोटा मास्तराला, कोटा तलाठ्याला, कोटा पोलिसाला, आणि तो कोटा भरायला माणसं कुठली? झोपडपट्टीतली, फुटपाथवरची, महारवाड्या-मांगवाड्यांतली, मुसलमान मोहल्ल्यांतली. सरकार पडलं. त्यातून राज्यकर्ते एकच धडा शिकले : पुरुषाला हात लावायचा नाही. मग सुरी फिरली बाईकडे. २०१२ च्या जानेवारीत बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत ५३ बाया, एक सर्जन, सुमारे दोन तास. ८ नोव्हेंबर २०१४ ला छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या इमारतीत ८३ बाया, काही तासांत, पुन्हा एकच सर्जन. १३ बाया मेल्या. दलित, आदिवासी, मागास घरांतल्या. हातावर सहाशे रुपये ठेवून घरी पाठवल्या होत्या. जंतू मारले की गोळ्यांनी मारलं यावर साहेब लोक वाद घालत बसले. मी म्हणतो, दोन्ही घ्या हिशेबात. ऐंशी बायांमध्ये दर बाईला जेवढी मिनिटं आली तेवढ्यात न्हावी एक गालही नीट करीत नाही.

अररियाच्या प्रकरणावरूनच २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा.

आता वळतो आपल्याकडे, दोस्तहो. आतापर्यंत मान डोलावत होता, आता जरा सरळ बसा.

पुरुषाची नसबंदी हे दोघांतलं सोपं ऑपरेशन. जागेवर सुई, काही मिनिटांचं काम, पोट उघडायचं नाही, दोन-तीन दिवसांत हलकं काम, मर्दानगीला धक्का नाही. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोटात शिरायचं, भूल मोठी, धोका जास्त. मग २०१९-२१ च्या पाहणीत देशातलं चित्र काय? लग्न झालेल्या बायांपैकी ३७.९ टक्के बायांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं. पुरुषांच्या नसबंदीवर भागलेली जोडपी ०.३ टक्के. शंभर जोडप्यांत एकही पुरा मर्द नाही!

ते ३७.९ सगळे भांडवलदारांच्या घरातले आहेत काय? आपल्या वस्तीत विचारा. मोर्च्यात पुढे असणाऱ्या, माईकवर व्यवस्थेच्या आईबहिणीचा उद्धार करणाऱ्या आपल्या किती जणांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं? बायकोला तिसऱ्या दिवशी पाण्याच्या लायनीत हंडा घेऊन उभं केलंच ना? टाके तिचे, हंडा तिचा, आणि क्रांती आपली. वा रे वाघ! मुकादम खाडा लावतो म्हणून आपण त्याच्यावर थुंकतो. घरात आपण कुठल्या मुकादमाहून कमी आहोत?

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. दोघांना उत्तर देतो.

पांढरपेशा मित्र म्हणतो, ‘यात जात कुठे आली? ही गरिबी आहे. शिवाय तुमचे लोक सांगितलेलं पाळत नाहीत, जखम घाण ठेवतात, परत दाखवायला येत नाहीत.’ साहेब, ज्याच्या विहिरीवर हजार वर्षं जाऊ दिलं नाही त्याला तुम्ही स्वच्छतेचा धडा देता? पाणी दिलं नाही, आणि न धुतलेल्या जखमेचा दोष त्याच्या संस्कारावर. आमचा माणूस परत येत नाही कारण परत यायला एक रोज लागतो. तो रोज द्या आणि मग लायन मोजा. गरिबी आकाशातून पडत नाही, तिला पत्ता असतो, आणि तो पत्ता गावाच्या बाहेर असतो.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच कडव्या मित्राचा. ‘सगळे डॉक्टर लुटारू, सगळी ऑपरेशनं धंदा. नकोच ते.’ हा तर शुद्ध आत्मघात आहे. अडकलेला हर्निया वेळेत उघडला नाही तर आतडं कुजतं आणि माणूस मरतो. आडवं आलेलं पोर सुरीशिवाय आईला घेऊन जातं. मोतीबिंदू भगताच्या अंगाऱ्याने उतरत नाही. २०१५ मध्ये जगातल्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला : पाच अब्ज माणसांना वेळेवर, परवडणारं, सुरक्षित ऑपरेशन मिळत नाही. म्हणजे आपल्याला नको ते कापलं जातं आणि हवं ते कापायला कुणी मिळत नाही. भांडण सुरीशी नाही. ती कुणाच्या हुकमाने चालते याच्याशी आहे.

आणि सुरी आपल्या बाजूनेही चालू शकते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉक्टर रवींद्रनाथ टोणगावकर घ्या. हर्नियात पोटाच्या कमजोर भिंतीला जाळी लावली तर आंत पुन्हा उतरण्याचा धोका बराच कमी होतो. पण कंपनीची जाळी महाग. या माणसाने मच्छरदाणीचं कापड नीट निर्जंतुक करून वापरलं, आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. पुढे २०१६ मध्ये युगांडात ३०२ पुरुषांवर पारख झाली. अर्ध्यांना मच्छरदाणीची जाळी, अर्ध्यांना कंपनीची. एक डॉलरच्या आसपासची जाळी आणि सव्वाशे डॉलरची जाळी. वर्षाने बघितलं तर स्वस्त जाळीवाल्यांत एकाचा हर्निया पुन्हा उतरला, महागवाल्यांत कुणाचाही नाही. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. मधले एकशे चोवीस डॉलर कशाचे होते ते तुम्हीच ओळखा.

जयपूरचा पाय घ्या. १९६८ च्या सुमारास डॉक्टर पी. के. सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचा कारागीर यांनी तो घडवला. विलायती पाय बुटात घालायचा होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी चिखलात चालतो. पाय कापल्यावर बरं होणं म्हणजे काय, हे त्यांनी खुर्चीवर बसणाऱ्याला विचारलं नाही. शेतात चालणाऱ्याला विचारलं. कारागिराची अक्कल आणि डॉक्टरची विद्या एका ओट्यावर बसली तेव्हा तो पाय उभा राहिला.

मग मागायचं काय?

सरकार म्हणतं, आम्ही महात्मा फुल्यांच्या नावाने योजना काढली, ऑपरेशन फुकट. असू दे. तिच्यात दवाखान्याचा पैसा आहे, घरी पडून राहिलेल्या माणसाचा रोज नाही. १९४८ च्या कायद्याने कामगार विमा आला. त्यात आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाई आहे. म्हणजे पडून राहण्याचे पैसे देता येतात, हे या देशाला पाऊणशे वर्षं ठाऊक आहे. पण तो विमा मस्टरवर नाव असलेल्याचा. ऊसतोडवाली, घरकाम करणारी, नाका कामगार, कंत्राटाचा हमाल, यांचं आतडं काय मस्टरबाहेर शिवलेलं असतं?

१९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर उभे राहिले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे. त्याचा भार सरकारने उचलावा, आणि जो मालक तिच्या श्रमाचा नफा घेतो त्यानेही आपला वाटा टाळू नये. विश्रांती ही दया नव्हे, तिचं बिल फाडता येतं, आणि ते कुणाच्या नावे फाडायचं हे ठरवता येतं. आपण तेच बिल पुढे न्यायचं आहे.

डॉक्टरने कार्डावर जितके आठवडे लिहिले तितक्या आठवड्यांचा रोज. ऊसतोडीत कारखान्याकडून, गोदीत बंदराच्या मालकाकडून, बाकी ठिकाणी सरकारकडून. पिशवी काढायची असेल तर कारण मराठीत लिहून द्या, वाचून दाखवा, आणि दुसऱ्या सरकारी डॉक्टरची सही घ्या. दवाखान्याने पेशंट गेटाबाहेर गेला की वही मिटायची नाही. तिसाव्या दिवशी तो जिवंत आहे का, जखम भरली का, आणि वर्षाने तो तेच काम करू शकतो का, हे लिहायचं आणि भिंतीवर लावायचं.

ते लिहीत नाहीत तोवर आपण लिहू. प्रत्येक वस्तीत शाखेने एक शंभर पानी वही घालावी. कुणाचं ऑपरेशन झालं, काय कापलं, कारण काय सांगितलं, किती पैसे गेले, किती आठवडे सांगितले आणि कितव्या दिवशी ओझं उचललं. नाव लिहू नका, घराची अब्रू घराकडे राहू द्या. बायांच्या नोंदी बायांनीच घ्याव्यात. वर्षभराने दहा वस्त्यांच्या दहा वह्या घेऊन आरोग्यमंत्र्याच्या टेबलावर आदळू.

आणि वहीचं पहिलं पान पुरुषांनी भरायचं. स्वतःच्या ऑपरेशनची तारीख लिहून.